मामाच्या नावापुढचा शेरा

विजेच्या मोटारींत तार भरणाऱ्या वाइंडिंग खात्याच्या फोरमनना सगळे मागून ‘फूटपट्टी’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. माणूस होताच तसा. कंपनीची पेन्सिल घरी न्यायची नाही, आणि घरची पेन्सिल चुकून कंपनीत आली तर संध्याकाळी गेटवर वॉचमनला दाखवून परत न्यायची. वॉचमन बिचारा मान हलवून हलवून दमला होता. अशा माणसाची थट्टा करायला मजा येते, पण पगारवाढीचा महिना आला की आपला फोरमन असाच असावा असं प्रत्येकाला वाटतं. दुसऱ्या खात्यांत त्या महिन्यात फोरमनच्या टेबलावर चहा आपोआप यायचा, त्याच्या सासूच्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी व्हायची. वाइंडिंगचे फोरमन मात्र बाराही महिने आपला चहा आपण उठून आणत.

वाढ ठरायची ती अशी. नोकरीची पहिली पंधरा वर्षं सगळं कराराप्रमाणे. ठरलेली वाढ ठरलेल्या महिन्यात, कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्नच नाही. सोळाव्या वर्षी माणूस मुरलेल्यांच्या यादीत जायचा आणि तिथून पुढे त्याची वाढ फोरमनच्या हातात. फोरमननी प्रत्येक नावापुढे एक ते पाचमधला एक आकडा लिहायचा आणि त्याला लागून एका ओळीचा शेरा. आकड्यावरून वाढ ठरायची, आणि शेरा म्हणजे त्या आकड्याचं कारण. गोम अशी होती की वाइंडिंगमधल्या अकरा मुरलेल्यांच्या आकड्यांची बेरीज तेहेतीसच्या वर जाऊ द्यायची नव्हती. कुणाला पाच द्यायचे तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून काढायचे. मग ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात पडायची. आकडा आणि शेरा वाचून त्याने खाली सही करायची, म्हणजे मान्य आहे. मान्य नसेल तर काय करायचं, याला त्या चिठ्ठीवर जागा ठेवलेली नव्हती.

फोरमन तो तक्ता घरी आणून सुट्टीच्या दिवशी दुपारी भरत. टेबलावरचं सगळं बाजूला करायचं, आधी पेन्सिलने आकडे, मग बेरीज, मग खोडरबर, मग पुन्हा बेरीज, आणि शेवटी शाईने. दहा नावांवर ते खरोखर डोकं शिणवत. कोण वर्षभर वेळेवर आलं, कुणाच्या मोटारी गॅरंटीत परत आल्या, कुणी नव्या माणसांना हाताशी धरून शिकवलं, सगळं त्यांच्या वहीत टिपलेलं असे. अकराव्या नावाला मात्र ते वही उघडत नसत. ते नाव त्यांच्या मेहुण्याचं होतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. फोरमनची मुलगी लहान असताना आईबरोबर गेटवर यायची आणि ‘मामा, मामा’ करून त्याला हाका मारायची, तेव्हापासून अख्खं खातं त्याला मामाच म्हणत होतं. त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तो कारखान्यात लागला तेव्हा फोरमन अजून फोरमन झाले नव्हते, शेजारच्याच टेबलावर वाइंडिंग करत होते. खाचेत कागद कसा बसवायचा, तारेचे वेढे मनात कसे मोजायचे, पट्टीने तार दाबताना तिचा मुलामा कसा खरवडू द्यायचा नाही, हे सगळं त्यांनीच त्याला शिकवलं. दोन वर्षांत तो त्यांच्या पुढे गेला. जळून कोळसा झालेली मोटार, जिच्या आत कुठली तार कुठे जात होती याचा पत्ता लागत नाही, ती त्याच्याकडे टाकली की तो तिच्यासमोर नुसता बसून राहायचा, मग एका बाजूने सोलायला घ्यायचा. त्याने भरलेली मोटार परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. स्वभावाने अबोल. हसायचा, पण ओठ मिटून.

मामा मुरलेल्यांच्या यादीत आला त्या पहिल्या वर्षी फोरमननी त्याला चार दिले होते. वही उघडून, हिशोबाने दिले होते. पाचला थोडंसंच कमी पडलं होतं. चिठ्ठ्या वाटल्या त्या दुपारी कँटीनमध्ये लेथवरचा एक जाडा टर्नर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “यंदा काही लोकांच्या बायकोच्या माहेरी वाढ बरी झाली.”

दोन टेबलं हसली. तेवढंच. टर्नर पुढच्या घासाला आपण काय बोललो ते विसरलासुद्धा असेल. पण फोरमननी तिथेच झाकण लावलं. डबा अर्धा तसाच घरी आला. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आता दाखवलं ते अख्ख्या कँटीनसमोर. त्यांनी कानाला खडा लावला.

पुढच्या वर्षी मामाला दोन मिळाले. दोनचं कारण म्हणून शेऱ्यात काहीतरी लिहिणं भाग होतं, आणि इथे फूटपट्टीची पंचाईत झाली, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. पेन हातात धरून ते बराच वेळ बसले. मग त्यांना सुचलं: ‘काम चोख, पण वेग कमी.’ तसं पाहिलं तर ते धडधडीत खोटं नव्हतं. अवघड मोटारी सगळ्या मामाच्या टेबलावर, आणि अवघड मोटारीला वेळ लागतोच. त्या मोटारी त्याच्याकडे कोण पाठवतं, एवढं लिहायचं राहिलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

बायको चहा घेऊन आली तेव्हा तिने तक्त्याकडे पाहिलं नाही. कप ठेवता ठेवता विचारलं, “त्याला किती?”

“दोन. आपल्या माणसाला जास्त देता येत नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

एकोणीस वर्षं तेच चाललं. तक्ता, पेन्सिल, खोडरबर, आणि अकराव्या नावापुढे थेट शाईने दोन. शेरे तेवढे बदलत. ‘वेगात सुधारणा हवी.’ ‘संथ, पण प्रामाणिक.’ ‘वेगाकडे लक्ष द्यावे.’ मामाकडून उरलेले आकडे इतर दहांत वाटले जात आणि ते दहाही जण खूश असत. मामा चिठ्ठी वाचायचा, घडी करायचा, सही करायचा. कधी एका शब्दाने बोलला नाही. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे यायचा, भावजींच्या घरचा पंखा किंवा मिक्सर बिघडला असला तर गुपचूप दुरुस्त करून जायचा. त्याला सगळं कळतंय, भावजींची अडचण तो जाणतो आणि म्हणूनच गप्प आहे, अशी फोरमनची खात्री होती. या समजुतीवर ते रात्री निवांत झोपत. मेहुण्याच्या मोठेपणाचं त्यांना मनातून कौतुकही होतं. बायको तर शेजारणींना अभिमानाने सांगायची की आमच्याकडे सख्ख्या भावालासुद्धा झुकतं माप नाही.

मग ते वर्ष आलं. फोरमनचं हे शेवटचं वर्ष, मामाला निवृत्तीला अजून चार बाकी. कारखान्याचे मालक बदलले होते. वाढीच्या तक्त्याबरोबर या वेळी एक परिपत्रक आलं. मुरलेल्यांपैकी ज्यांची गेल्या पाच वर्षांची सरासरी तीन किंवा त्याहून जास्त असेल, त्यांना वरची श्रेणी. ज्यांची त्याहून कमी असेल, त्यांनी महिनाअखेर ठरावीक रक्कम घेऊन घरी जावं.

फोरमननी परिपत्रक उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. मागची चार वर्षं दोन, दोन, दोन, दोन. या वर्षी पाच दिले तरी बेरीज तेरा. पाचाने भागलं तर तीन होत नाहीत. त्यांनी तीनतीनदा भागून पाहिलं, जसं काही एखाद्या वेळी वेगळं उत्तर येईल. मामाच्या घरी दोन खोल्या, त्याची अंथरुणाला खिळलेली सासू आणि लग्नाची मुलगी. पंचावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेल्या वाइंडरला दुसरीकडे कोण दारात उभं करणार, हे फोरमनना चांगलं ठाऊक होतं.

टेस्टिंगच्या टेबलावर एक बाई होती. हातात सदा मीटर, म्हणून तिला मीटरबाई म्हणत. तीही मुरलेल्यांपैकीच. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. दुपारी खातं जेवायला गेलं तरी ती मागे थांबली आणि फोरमनच्या टेबलाशी आली.

“परिपत्रक वाचलं. मामाचं काय?”

“बघतोय.”

“काय बघणार? आमचं सगळ्यांचं तीनच्या पुढे आहे. ते कुणाच्या जिवावर, ते आम्हाला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं आम्ही त्याच्या ताटातलं खाल्लंय.”

फोरमननी मान वर केली. “सगळ्यांना ठाऊक होतं?”

“या खात्यात त्याच्यासारखा हात दुसरा नाही हे आंधळ्यालाही दिसेल. तुमचं नाव राहावं म्हणून तुम्ही त्याला दोन देता, हे आम्ही पहिल्याच वर्षी ओळखलं. बोलायचं कुणी? फायदा आमचाच होता.” तिने मीटरची वायर हाताला गुंडाळली. “आम्हीही काही फार भले नाही, फोरमन. पण वर जाऊन सांगायचं ते तुम्हीच सांगायला हवं.”

त्यांना राग आला, तो तिचा नाही. ज्यांनी बोट दाखवू नये म्हणून एवढं केलं ते सगळे तेव्हापासूनच बघत होते, आणि बघून गप्प होते. मग हे सगळं कुणासाठी केलं? या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत होतं आणि ते त्यांना ओठांवर आणवत नव्हतं.

दोन दिवस त्यांनी काढले. घरी बायकोला परिपत्रकाबद्दल सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “नाव जाईल तुमचं.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे,” तीही म्हणाली, आणि उठून आत गेली.

तिसऱ्या दिवशी ते वरच्या मजल्यावर नव्या मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले. बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, पण वागायला नीट. त्यांनी आधी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. फोरमननी पाणी न पिताच सांगितलं. मेहुण्याला दिलेले दोन चुकीचे होते. तो दोनचा माणूस नाही. नात्यामुळे लोक बोलतील म्हणून आपण कमी देत गेलो. शेरेही खरे नाहीत. चूक माझी आहे, शिक्षा मला करा, पण त्याचं नाव यादीतून काढा.

बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग कपाटातून एक फाइल काढली आणि एकेक चिठ्ठी उलटत वाचायला लागल्या. मोठ्याने, पण आवाज न चढवता.

“‘काम चोख, पण वेग कमी.’ अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“‘संथ, पण प्रामाणिक.’ ‘वेगात सुधारणा हवी.’ ‘सांगूनही वेग वाढलेला नाही.’” त्या थांबल्या. “हे सांगूनही वाढलेला नाही, म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलं होतं?”

“नाही. असंच लिहिलं.”

फोरमन स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. एका वेळी एकच ओळ लिहिली होती, वर्षाला एक. सगळ्या ओळी लागोपाठ ऐकल्या तर एखाद्या ढिल्या, कामचुकार माणसाचं वर्णन वाटत होतं.

“माझी अडचण समजून घ्या,” बाई म्हणाल्या. “एकोणीस चिठ्ठ्या, एकोणीस सह्या. सगळ्या म्हणतात हा माणूस संथ आहे. आणि आज, जायच्या वर्षी, तुम्ही येऊन म्हणता तो सगळ्यात चांगला आहे, आणि तो तुमचा मेहुणा आहे. उद्या मला कुणी विचारलं तर मी यातलं खरं कुठलं धरू?”

ज्या आरोपाला भिऊन ते एकोणीस वर्षं चालले होते तो आता त्यांच्यासमोर टेबलावर येऊन बसला होता, आणि तोही किती सभ्य शब्दांत. “त्यालाच विचारा,” ते म्हणाले. “त्याला बोलवा आणि विचारा.”

मामाला बोलावणं गेलं. तो हात पुसत आला, तरी वार्निशचा वास त्याच्याबरोबर आत आलाच. खुर्ची दाखवली तरी तो उभाच राहिला. कपडे मळलेले होते म्हणून.

“तुमच्या चिठ्ठ्यांवर दरवर्षी लिहिलंय की तुमचा वेग कमी आहे,” बाईंनी विचारलं. “हे खरं आहे का? मनमोकळं सांगा. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही.”

मामाने एकदा भावजींकडे पाहिलं. फोरमननी डोळ्यांनी त्याला सांगितलं, बोल, आता तरी बोल.

“हो,” मामा म्हणाला. “खरं आहे. मी जरा संथच आहे.”

बाईंनी फाइल हळूच बंद केली. आपण फोरमनचं म्हणणं टिपून ठेवू, पण यादी बदलता येईल असं वाटत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. हे सांगताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं.

दोघं जिन्याने उतरायला लागले. फोरमनचे डोळे भरून आले होते. या माणसाने आतासुद्धा आपली लाज राखली, पोटावर पाय येत असताना राखली, असं त्यांना वाटत होतं आणि ते सहन होत नव्हतं. अर्ध्या जिन्यात त्यांनी मेहुण्याचा दंड धरला.

“कशाला खोटं बोललास? मी वर सगळं कबूल केलं होतं रे. माझी अब्रू वाचवायची काही गरज नव्हती.”

मामा थांबला. “कसली अब्रू?” त्याने विचारलं. “मी कुठे खोटं बोललो?”

फोरमनचा त्याच्या दंडावरचा हात सुटला.

“तुम्हीच लिहिलंय ना दरवर्षी, वेग कमी म्हणून. मी वाढवायला बघितला, भावजी. मधली काही वर्षं जेवणाच्या सुट्टीतही बसायचो. पण तुमचा शेरा काही बदलेना. मग म्हटलं, असतो एकेकाचा हात जड.”

“अरे, अख्ख्या खात्यातल्या जळक्या मोटारी मी तुझ्याकडे पाठवायचो. त्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या म्हणून.”

“मला वाटायचं, रोजच्या कामात मी मागे पडतो म्हणून तुम्ही मला बाजूचं काम देता. वेळ लागला तरी चालेल असं. मला तर तुमचे उपकारच वाटायचे.” तो कठड्याला टेकला. “पोरगी मागे लागली होती, बाबा मला वाइंडिंग शिकवा, मी दुकान टाकते. मी नाही म्हटलं. माझ्याकडून शिकून तिचाही हात तसाच झाला असता. आता ती कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते.”

जिन्याखालून खात्यातल्या मशिनचा आवाज येत होता. फोरमन एक पायरी खाली उतरले, म्हणजे त्याच्या तोंडाकडे नीट बघता येईल, आणि सावकाश, शब्द सुटा सुटा करून सांगायला लागले. शेरे खोटे होते. एकोणीसही खोटे होते. लोक बोलतील म्हणून मी भ्यालो. तू पहिल्या वर्षी चारचा होतास आणि त्यानंतर दरवर्षी पाचचा. तुझ्या तोडीचा वाइंडर मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही. तुझ्या ताईला विचार, मीटरबाईला विचार, कुणालाही विचार.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग ओठ मिटून हसला आणि भावजींच्या हातावर आपला हात ठेवला, घरात एखाद्या आजारी माणसाची समजूत काढावी तसा.

“मी घरी बसणार म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय, ते कळतं मला,” तो म्हणाला. “पण असं काही बोलू नका. माझ्यासाठी तुम्ही वर जाऊन बाईंना हेच सांगितलंत ना? आता निदान मला तरी सांगू नका. तुमच्यासारखा माणूस एकोणीस वर्षं खोटं लिहील, हे मला कसं पटेल?”